फेरीबोट, घोडा आणि धुमसतं विवर: खानदेशातून ब्रोमोला जाणाऱ्यांसाठी

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या ब्रोमो ज्वालामुखीची सहल बहुतेक वेळा आदल्या रात्रीच बिघडलेली असते. कोणाला घड्याळ कळलेलं नसतं. कोणाचा स्वेटर मोठ्या बॅगेत असतो आणि बॅग बालीच्या हॉटेलात. घोडा कुठून कुठपर्यंत नेतो, हे बाराजणांच्या ग्रुपमध्ये एकानेही विचारलेलं नसतं. पहाटे तीन वाजता थंडीत कुडकुडत या गोष्टी निस्तरता येत नाहीत. म्हणून हा लेख ज्वालामुखीच्या वर्णनापेक्षा आधीच्या चोवीस तासांवर आणि घोड्यावरच्या पंधरा मिनिटांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी जागा नक्की करू. बोटीने बेटावर जायचं आणि तिथून घोड्यावर बसून विवराच्या काठापर्यंत चढायचं, या सहलीसाठी फिलिपिन्समधलं ताल सर्वात प्रसिद्ध होतं. 12 जानेवारी 2020 ला ताल फुटला आणि तेव्हापासून ते सगळं बेट कायमचं धोका क्षेत्र म्हणून पर्यटकांना बंद आहे. जुन्या जाहिराती अजून नेटवर दिसतात, त्यांना पैसे पाठवू नका. अंदमानातलं बॅरन बेट बोटीतून पाहायचं असतं, तिथे उतरायला मिळत नाही, मग घोड्याचा प्रश्नच नाही. बोट आणि घोडा दोन्ही हवे असतील आणि घरातल्या सगळ्यांना झेपायला हवं असेल, तर बालीहून फेरीने जावा आणि तिथून ब्रोमो हा सर्वात सोयीचा रस्ता आहे.

ब्रोमो म्हणजे काय

आपण खानदेशी माणसं ज्वालामुखीवरच राहतो. सातपुडा, सातमाळा, लळिंगचा किल्ला, साक्री-नंदुरबारकडे शेतांतून भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या काळ्या दगडाच्या धारा, हे सगळं साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं काम. पण आपला लाव्हा जमिनीच्या लांब भेगांतून वाहत आला आणि थरावर थर पसरला, म्हणून आपले डोंगर वरून सपाट. ब्रोमो वेगळ्या घराण्यातला. तिथे आधी एक मोठा ज्वालामुखी होता. तो खचला आणि नऊ-दहा किलोमीटर रुंदीची परात तयार झाली. त्या परातीत काळी वाळू आणि राख साचली आणि मधोमध नवे शंकू उगवले. त्यातला एक ब्रोमो, उंची 2,329 मीटर. शेजारचा हिरवा, चुण्या पडलेला, फोटोत सर्वात देखणा दिसणारा डोंगर म्हणजे बातोक. पुष्कळ लोक त्यालाच ब्रोमो समजून फोटो काढून येतात. ब्रोमो हा त्याच्या बाजूचा, वरचा भाग उडालेला, धूर सोडणारा. मागे लांबवर दिसतो तो 3,676 मीटरचा सेमेरू, जावातला सर्वात उंच डोंगर.

ब्रोमो हे नाव ब्रह्मावरून आलं असं मानतात. वाळूच्या मैदानाला तिथले लोक सगारा वदी म्हणतात. सगारा म्हणजे आपला सागर, वदी म्हणजे वाळू. आजूबाजूच्या गावांतले तेंगर लोक हिंदू आहेत. ब्रोमोच्या पायथ्याशी वाळूतच त्यांचं पुरा लुहूर पोतेन हे मंदिर आहे.

कधी जायचं

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. त्यातही मे, जून आणि सप्टेंबर चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश सर्वात स्वच्छ असतं, पण थंडीही सर्वात कडक. पहाटे पारा शून्याजवळ जातो आणि गवतावर दहिवर गोठतं. शिवाय वाळू कोरडी असल्यामुळे धूळ अक्षरशः दातात येते. डिसेंबर ते फेब्रुवारी पावसाचे महिने. धूळ बसलेली असते, पण सूर्योदयाच्या जागी पांढरा पडदा पाहून परत येण्याची तयारी ठेवा. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत जाणारे लोक बरोबर हंगामाच्या शेवटाला पोहोचतात. ऑक्टोबर अखेरीपर्यंत ठीक, नोव्हेंबरात नशीब.

तीन तारखा टाळा. पहिली न्येपी, म्हणजे बालीचा शक वर्षारंभ. तो बहुतेक मार्चमध्ये, कधी कधी आपल्या पाडव्याच्या आसपासच येतो. त्या दिवशी चोवीस तास बाली पूर्ण बंद, विमानतळही बंद आणि फेरीही बंद. दुसरी ईदच्या आधी-नंतरचा आठवडा, फेरीच्या बंदरावर वाहनांच्या रांगा किलोमीटरच्या भाषेत मोजाव्या लागतात. तिसरी तेंगर लोकांचा यज्ञ कसदा. या सणाला लोक भाजीपाला, धान्य, कोंबड्या, बकऱ्या विवरात अर्पण करतात आणि आतल्या उतारावर काही जण जाळी घेऊन त्याच वस्तू झेलायला उभे असतात. पाहण्यासारखा सण आहे, पण त्या काळात पर्यटकांचा प्रवेश थांबवतात, म्हणून पंचांगासारखी ही तारीखही आधी बघून घ्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी ज्वालामुखीची पातळीही पाहा. इंडोनेशियात चार पातळ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. सरकारच्या माग्मा इंडोनेशिया या संकेतस्थळावर त्या दिवसाची पातळी आणि विवरापासून किती अंतर राखायचं हे दिलेलं असतं. सियागा किंवा आवास असेल तर सहल रद्द. वास्पादा असेल तर त्यासोबतची अंतराची अट वाचा, आणि ‘काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका. जून 2004 मध्ये इथे अचानक झालेल्या स्फोटात दगड लागून दोन माणसं गेली.

कागद आणि पैसा

पासपोर्टची मुदत उतरण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी. भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, 30 दिवसांचा, 5 लाख रुपिया. तो आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. बालीत येणाऱ्या परदेशी माणसाला वेगळा दीड लाख रुपिया कर आहे, तोही ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. आकडे ऐकून घाबरू नका. एका भारतीय रुपयाला साधारण 180-190 रुपिया पडतात. सोपा हिशोब: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेपाचने गुणायचं. लाख रुपिया म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आतबाहेर.

ब्रोमोच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट ऑनलाइन, दिवस आणि प्रवेशद्वार निवडून काढावं लागतं. परदेशी माणसाचा दर स्थानिकापेक्षा बराच जास्त आहे आणि तो बदलत असतो. एजंटने ‘सगळं धरून’ भाव सांगितला की चार गोष्टी एकेक करून विचारा: उद्यानाचं तिकीट धरलंय का, जीप पूर्ण आपली की वाटून, सूर्योदयाची जागा कोणती, घोडा धरलाय का. घोडा जवळजवळ कधीच धरलेला नसतो.

प्रवासविमा काढताना घोडेस्वारी पॉलिसीत बसते का ते वाचा. पुष्कळ स्वस्त पॉलिसी तिला साहसी खेळात टाकून हात झटकतात.

घरून बाली

यात फार काही नाही. जळगाव-भुसावळकरांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी, धुळ्याची मंडळी नाशिकमार्गे रस्त्याने, नंदुरबारची सुरतमार्गे. एकच आग्रह: गाडी आणि विमान यांच्यात किमान आठ तास ठेवा. कसारा घाटात गाडी रखडली म्हणून विमान थांबत नाही. उतरायचं ते देनपासारला. बालीत दोन दिवस काढून तिसऱ्या दिवशी ब्रोमोकडे निघा, म्हणजे घड्याळ आणि पोट दोन्ही जागेवर आलेली असतात.

फेरी

देनपासार भागातून बालीचं पश्चिम टोक गिलिमानुक सुमारे 130 किलोमीटर. रस्ता एकेरी आणि ट्रकांचा, साडेतीन ते चार तास धरा. तिथून समोर जावाचं केतापांग बंदर. सामुद्रधुनी इतकी अरुंद आहे की पलीकडचा किनारा डोळ्यांनी दिसतो, पण प्रवाहाला जोर असल्याने बोट तिरकी जाते आणि चढ-उतरासह तास जातो. फेऱ्या रात्रंदिवस असतात. तिकीट फेरिझी या ॲपवर आधी काढायचं, प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक टाकून. बंदरावर ‘तिकीट हवंय का’ म्हणत येणाऱ्यांकडे पाहूही नका.

आता घड्याळ. बालीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, जावाची दीड तास पुढे. म्हणजे गिलिमानुकहून दहाला निघालात तर केतापांगला पोहोचता तेव्हाही दहाच वाजलेले असतात. जाताना हा तास फुकट मिळतो, येताना तोच तास जातो. खरा घोटाळा फोन करतो. गिलिमानुकच्या धक्क्यावर तो कधी समोरच्या जावातल्या टॉवरला चिकटतो आणि बालीत असतानाच जावाची वेळ दाखवतो. ग्रुपमधल्या एकाने साधं हातघड्याळ जावाच्या वेळेवर लावून ठेवावं, आणि ड्रायव्हर, रेल्वे, जीप यांच्याशी बोलताना फक्त त्याचंच प्रमाण मानावं.

बोटीत गाडी चढली की खाली उतरा आणि वरच्या डेकवर जा. बसमध्ये झोपून राहणं ही सर्वात वाईट सवय. 2 जुलै 2025 च्या रात्री याच मार्गावर 65 जणांना घेऊन निघालेली फेरी बुडाली. अशा वेळी गाड्यांच्या डेकवरच्या माणसाला बाहेर पडायला वाट राहत नाही. वर गेल्यावर लाइफ जॅकेटची पेटी कुठे आहे आणि तिला कुलूप नाही ना, हे पाहून बसा. लाटा दिसत असतील, वारा जोराचा असेल, तर पुढची फेरी घ्या. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, बोट हलायला लागल्यावर घेतलेली गोळी पाण्यात गेली समजा. जागा बोटीच्या मध्यावर पकडा आणि नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नाही.

केतापांगचं रेल्वे स्टेशन बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून प्रोबोलिंगो चार ते पाच तास. रेल्वे वेळेवर सुटते, अगदी मिनिटाला, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही तर फाटकाच्या आत घेत नाहीत. आठ-दहाजण असतील तर भाड्याची गाडी परवडते, पण वेळ तेवढाच. प्रोबोलिंगोहून चेमोरो लावांग हे परातीच्या काठावरचं गाव दीड तास, सगळा घाट.

बालीहून रात्री निघून थेट सूर्योदयाला पोहोचवणारे पॅकेजही मिळतात. घेऊ नका. रात्रभर बस, मग बोट, मग घाट आणि मग जीप, असं करून माणूस ब्रोमोवर पोहोचतो तेव्हा त्याला फक्त झोप दिसत असते. सकाळी सहाला बाली सोडा, संध्याकाळी सहा-सातला चेमोरो लावांगला पोहोचा, आठला झोपा.

रात्रीची बॅग

जळगावात 45 अंश सोसणाऱ्या माणसाला चेमोरो लावांगची 2,200 मीटर उंचीवरची रात्र जड जाते. तोरणमाळच्या जवळजवळ दुप्पट उंची आहे ही. जाड एकच जॅकेट नेण्यापेक्षा थर करा: आत अंगाला चिकटणारा बनियन किंवा थर्मल, त्यावर स्वेटर, वर वारा अडवणारं विंडचीटर. कानटोपी आणि हातमोजे विसरलात तर गावात विकत किंवा भाड्याने मिळतात, पण सकाळी तीनला दुकानदार तुमची मजबुरी ओळखतो. घरातलं सुती उपरणं किंवा मोठा रुमाल प्रत्येकी एक ठेवा, नाकातोंडाला बांधायला त्यासारखं काही नाही. बूट बंद आणि घोट्यापर्यंतचे. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये राख आत जाते आणि पायमोजे सँडपेपरसारखे होतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा. टॉर्च, अर्धा लिटर पाणी, शौचालयासाठी दोन-पाच हजार रुपियाच्या सुट्या नोटा. बस्स, बाकी सगळं हॉटेलात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी मंडळींनी इथे डोळे उघडे ठेवावेत. नासी गोरेंगमध्ये, म्हणजे तिथल्या परतलेल्या भातात, मांस नको म्हटलं तरी अंडं येतं, आणि मिरचीच्या चटणीत बऱ्याचदा वाळवलेल्या कोळंबीचं तेरासी असतं. ‘तानपा दागिंग, तानपा तलूर, तानपा तेरासी’ असं तिन्ही वेळा बोला: मांस नको, अंडं नको, तेरासी नको. तोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतात. घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी न्या. ताजी फळं, दूध-तुपाचे पदार्थ विमानतळावर अडकतात, तेव्हा आपली केळी घरीच राहू द्या.

पहाटे तीन ते साडेसहा

वाळूत खाजगी गाडी नेऊ देत नाहीत, जीप घ्यावीच लागते. जुन्या हार्डटॉप लँड क्रूझर असतात, त्यात पाचजण आरामात, सहावा गुडघे पोटाशी घेऊन. साडेतीनला निघा. सूर्य पाच ते साडेपाचच्या दरम्यान उगवतो, पण पूर्वेचा रंग त्याआधी अर्धा तास सुरू होतो आणि खरी मजा तीच आहे. पेनांजाकानची जागा सर्वात उंच, 2,770 मीटर, आणि सर्वात गर्दीची. वयस्कर माणसं बरोबर असतील तर थोडी खालची जागा मागा. दृश्य तेच, चढ कमी, आणि जीप जवळ लागते. कंबरेचं दुखणं असलेल्याने पुढच्या सीटवर बसावं, मागची बाकं आडवी असतात आणि प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचतो. जीप लावलेल्या जागेचा फोटो काढा आणि नंबरप्लेटचाही. अंधारात शंभर जीप एकसारख्या दिसतात.

सूर्य वर आला की सगळ्या जीप एकदम खाली सुटतात. तुम्ही सुटू नका. टपरीवर चहा घ्या, दशमी खा, अर्धा तास जाऊ द्या. घाईत गेलेल्यांना जिन्यावर रांग आणि घोड्याचा चढा भाव मिळतो. मात्र फार रेंगाळूही नका, आठनंतर वारा उठतो आणि वाळूचे लोट सुरू होतात.

घोडा

जीप थांबते तिथून विवराच्या जिन्याचा पायथा सव्वा-दीड किलोमीटर. आधी सपाट वाळू, मग मंदिराला वळसा घालून पावसाने चिरलेल्या घळींमधून चढ. चालत पंचवीस-तीस मिनिटं. घोडा तुम्हाला जिन्याच्या पायथ्यापर्यंतच नेतो. पुढचा जिना सगळ्यांनी पायीच चढायचा असतो. ‘घोडा वरपर्यंत नेईल’ असं कोणी सांगितलं तर तो खोटं बोलतोय किंवा त्याने ब्रोमो पाहिलेला नाही.

आता एक कटू गोष्ट. घोड्याने साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं वाहू नये, आणि त्यात खोगीरही आलं. इथली घोडी ठेंगणी. अडीचशे-तीनशे किलोचं जनावर धरलं, तर हिशोब पन्नास-साठ किलोवर थांबतो. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला तापीकाठी उभे असतात ते उंचेपुरे मारवाडी-काठियावाडी घोडे डोळ्यांपुढे आणून इथे हिशोब करू नका. पन्नास किलोच्या वरच्यांनी सरळ चालावं. चढ मोठा नाही, आणि घसरणाऱ्या वाळूवर दमलेला घोडा अडखळला की दोघंही पडतात. घोडा लहान मुलांसाठी, हलक्या अंगाच्या आजीसाठी आणि गुडघा कुरकुरणाऱ्यासाठी राखून ठेवा. एका घोड्यावर मूल पुढे धरून दोघांनी बसायचं नाही. गरोदर बाई, स्लिप डिस्कवाले, नुकतं ऑपरेशन झालेले यांना घोडा नाही आणि खरं म्हणजे जीपही नाही.

घोडा निवडताना मालकाकडे नंतर पाहा, आधी जनावराकडे. चार पावलं चालवायला सांगा. चालताना मान एका पावलाला जास्त आणि दुसऱ्याला कमी झुकत असेल तर तो लंगडतोय. खोगिराच्या कडेला केस उडालेले, ओले व्रण असतील, बरगड्या मोजता येत असतील, डोळ्यातून पाणी गळत असेल, तर दुसरा घ्या. कान मागे चिकटवून उभा असलेला घोडा रागात आहे, त्याच्याजवळ मुलाला नेऊ नका. कोणत्याही घोड्याच्या मागून जायचं नाही, पुढून वळसा घाला.

भाव बसण्याआधी ठरतो, बसल्यावर तो घोडेवाल्याचा असतो. बोली साधारण लाख ते दोन लाख रुपियात होते. तीन गोष्टी बोटाने दाखवून पक्क्या करा: ‘तांग्गा’ म्हणजे जिन्यापर्यंत, ‘पुलांग-पर्गी’ म्हणजे जाऊन-येऊन, आणि वर असताना थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत. पैसे परत जीपपाशी उतरल्यावर. घोडेवाल्याचा फोटो काढा, घोड्यासकट. सगळेच अंगाभोवती सारोंग गुंडाळून आणि टोपी ओढून असतात, जिन्यावरून उतरल्यावर आपला माणूस ओळखू येत नाही आणि चारजण ‘मीच’ म्हणत पुढे येतात.

बसायची रीत. तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, तुम्ही स्वतः ओढून पाहा. त्यात दोन बोटं घट्ट जावीत, हात जाऊ नये. कसताना घोडा पोट फुगवतो, म्हणून पाच मिनिटं चालल्यावर घोडेवाल्याला थांबवून पुन्हा कसायला सांगा. खोगीर फिरून माणूस पडतो तो याच कारणाने. रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची, लांबी बसण्याआधी मोजा: बोटांची टोकं खोगिराला लावली की रिकीब काखेशी यावी. डावीकडून चढा, डावा पाय रिकिबीत, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्यावरून उंच. लाथ लागली तर घोडा उडतो. रिकिबीत फक्त पायाचा पंजा ठेवा, टाच खाली. बूट आरपार घुसलेला माणूस पडला तर फरफटत जातो. मुलांचे पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नसतील तर रिकीब बांधून वर घ्यायला सांगा, नुसते लोंबते पाय ठेवू नका.

लगाम घोडेवाल्याच्या हातात राहू द्या. तुम्ही खोगिराचा पुढचा उंचवटा धरा. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं जातात. चढावर कंबरेतून पुढे वाका, उतारावर थोडे मागे रेला आणि पाय किंचित पुढे ढकला. पुष्कळजण उतारावर घाबरून पुढे वाकतात, त्याने सगळा भार घोड्याच्या पुढच्या पायांवर येतो आणि तो अडखळतो. शेजारून जीप किंवा मोटरसायकल जोरात गेली की घोडा बिचकतो. तेव्हा किंचाळू नका, मांड्या आवळा आणि खाली बसलेलेच राहा. हळू न्यायला ‘पलान-पलान’ म्हणा, थांबवायला ‘स्टॉप’ सगळ्यांना कळतं. घोडेवाले फोटोसाठी घोडा दौडवायला उत्सुक असतात. वरातीतल्या घोडीवर बसल्याचा अनुभव असेल तर तो इथे शून्य धरा आणि नको म्हणा.

उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढा आणि मगच घसरा. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने उतरा. सवयीने उताराच्या बाजूला उतरलेला माणूस हातभर खाली पडतो आणि गुडघ्यावर येतो. मोबाइल गळ्यात दोरीने बांधलेला असावा. राखेत पडलेला मोबाइल सापडतो, पण त्याचं चार्जिंगचं भोक पुन्हा स्वच्छ होत नाही.

जिना आणि काठ

सिमेंटचा जिना साधारण अडीचशे पायऱ्यांचा. चैत्रात पायी सप्तशृंगीला जाणाऱ्यांना हा आकडा हसण्यावारी वाटेल, गडाच्या पायऱ्यांच्या जेमतेम निम्मा. पण इथली हवा पातळ, पायऱ्यांवर वाळू आणि नाकात गंधक. पन्नास पायऱ्यांमागे एक मिनिट थांबा. दम्याच्या माणसाने पंप खिशात ठेवावा आणि गंधकाचा वास घशाला टोचू लागला की तिथूनच परतावं.

वर काठ अरुंद आहे. एका बाजूला विवर, दुसऱ्या बाजूला ज्या उतारावरून आलात तो. कठडा फक्त जिन्याच्या आसपास आहे. कठडा संपतो तिथे तुमचंही चालणं संपवा, पुढे पायवाट दिसत असली तरी. खाली विमानाच्या इंजिनासारखी सतत घरघर ऐकू येते, ती नेहमीची आहे. ती एकदम बदलली, काळा धूर उठला किंवा खडे पडू लागले, तर सॅक डोक्यावर धरून जिन्याने खाली, फोटो न काढता. पांढरा धूर वाऱ्याने तुमच्याकडे वळला तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बाजूला सरका. मास्क धूळ अडवतो, गॅस अडवत नाही, ओलं उपरणंही थोडंच कामाला येतं. वर वीस मिनिटं पुरे.

परतीला मंदिराच्या आवारात बूट-घोड्यासह शिरू नका, ती पूजेची जागा आहे. वाळूपलीकडच्या गवताळ टेकड्यांवर जीपवाला नेईल, तिथे काडी पेटवायची नाही. सप्टेंबर 2023 मध्ये लग्नाआधीच्या फोटोसाठी पेटवलेल्या फ्लेअरने (धूर-उजेडाच्या नळकांडीने) तिथलं कोरडं गवत पेटलं आणि आग कितीतरी दिवस चालली.

परत

नऊपर्यंत हॉटेलात, दहाला गाव सोडा. आंघोळीआधी डोकं आणि कपडे कोरडेच झटका, राख ओली झाली की चिखलासारखी बसते. डोळे चोळू नका, पाण्याने धुवा. कॅमेऱ्याच्या काचेवर आधी फुंकर किंवा ब्रश, मग कापड. उलटं केलंत तर काचेवर कायमच्या रेघा. बुटांचे तळ घासून धुवा, कारण घरी परतताना विमानतळावर मातीचे बूट कटकट करतात. आणि केतापांगला फेरीचं तिकीट काढताना लक्षात असू द्या, संध्याकाळी सातला सुटलेली बोट गिलिमानुकला आठला नाही, नऊला लागते. बालीतल्या ड्रायव्हरला वेळ सांगताना तो तास मिळवून सांगा.